बंदीशाळा आणि महाद्वार

(श्रीक्षेत्र जांब समर्थ येथील श्रीरामनवमी उत्सवातील कीर्तन. उत्तररंग. ध्वनिमुद्रणावरून.)

॥ श्रीराम समर्थ ॥

जय जय रघुवीर समर्थ!

पूर्वरंगात आपण बंध आणि मोक्ष या दोन शब्दांचा विचार केला. जीव कशाने बांधला जातो, कशाने सुटतो, शास्त्रार्थ पुष्कळ झाला. मागे दोघातिघांच्या माना डोलत होत्या. त्या आनंदाने डोलत होत्या की झोपेने, ते रामराया जाणे! असो. बुक्का लावून झाला, हार झाला, आता आख्यान.

उद्या रामनवमी. आदल्या रात्री हरिदासाने रामकथा लावावी ही रीत. पण आज मी ती रीत जरा मोडणार आहे, रागावू नका. या जांबेत, जिथे सूर्याजीपंत आणि राणूबाईंच्या पोटी शके १५३० मध्ये, भर दुपारी, रामजन्माच्याच घटकेला नारायण जन्मला, त्या अंगणात उभा राहून मी आज बंदीशाळेचं आख्यान लावतो आहे.

बंदीशाळा म्हटलं की हरिदासाला पहिला कोण आठवतो? गोपाळकृष्ण. रामाचा जन्म राजवाड्यात, सुइणी आहेत, नगारे आहेत, सुंठवडा आहे. कृष्णाचा जन्म कुठे? मथुरेच्या तुरुंगात. बापाच्या पायात बेड्या, आईच्या पायात बेड्या. आणि पुढे त्याचं सगळं चरित्र काढून पाहा. आईबापांना सोडवलं. नरकासुराने कोंडलेल्या सोळा हजार स्त्रियांना सोडवलं. जरासंधाने डांबलेले राजे सोडवले. आपण त्याच्या हातात मुरली काढतो, चक्र काढतो. मला वाटतं, कमरेला किल्ल्यांचा जुडगासुद्धा काढायला हवा होता. जिथे जातो तिथे कुलूप उघडतो! आणि हेच सगळं त्याने रणांगणावर अर्जुनाला शब्दांत सांगितलं, त्याचं नाव गीता.

गंमत अशी, की ही गीता आपल्या महाराष्ट्राला नव्याने उमगली तीसुद्धा तुरुंगातच. ऐका.

सन १९०८. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. मुंबईत न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावली, सहा वर्षं काळं पाणी. वय बावन्न, मधुमेहाने शरीर पोखरलेलं. नेऊन कुठे ठेवलं? ब्रह्मदेशात, मंडालेला. लाकडी गजांची कोठडी. उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत वारा आरपार. आपल्याला घरात एक दिवस वीज गेली तर आपण वायरमनच्या सात पिढ्या काढतो!

त्या कोठडीत या पुरुषाने काय केलं? पुस्तकं मागवली. शाई मिळेना, पेन्सिल मिळाली. वह्यांची पानं मोजून मिळायची. त्या पेन्सिलीने १९१०-११ च्या हिवाळ्यात चार-पाच महिन्यांत गीतारहस्य लिहून काढलं. पुढे १९१२ मध्ये तार आली, पुण्यात पत्नी सत्यभामाबाई गेल्या. शेवटची भेट नाही, काही नाही. १९१४ च्या जूनमध्ये सुटले. हस्तलिखित सरकारकडे अडकलेलं. लोक काळजीत पडले, की सरकारने परत दिलं नाही तर? टिळकांचं म्हणणं असं, की वह्या त्यांच्याकडे असतील, ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. सरकारने वह्या दिल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

त्यांनी सांगितलं काय? गीता ही संन्यास घेऊन रानात जा असं सांगायला नाही. कर्म कर, निष्काम कर, असं सांगायला आहे. आता विद्वानांचे यावर मतभेद आहेत. माझे गुरुजी वेदान्ताचे, आचार्यांच्या भाष्याचे. ते टिळकांचं सगळं मान्य करत नसत. पण ग्रंथ उघडण्याआधी डोक्याला लावायचे, एवढं मी पाहिलेलं आहे.

(येथे नामगजर. श्रीराम जय राम जय जय राम.)

आता चोवीस वर्षं पुढे चला. सन १९३२. कायदेभंगाची चळवळ. खानदेशात धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरलेला. त्यात एक विनोबा भावे. त्यांच्या आईला संस्कृत येत नव्हतं. ती म्हणाली होती, मराठीत सोपी गीता आण. बाजारातली काही पसंत पडेना, तेव्हा म्हणाली, मग तूच का करत नाहीस? आई १९१८ मध्ये गेली. लेकाने १९३० मध्ये लिहायला घेतली, चार महिन्यांत पुरी केली, तीच गीताई. आईचा शब्द बारा वर्षं मनात सांभाळला, बघा. मायबाप, आईने सांगितलेलं औषध आपण बारा तास लक्षात ठेवत नाही.

तर धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीला, रविवारी, विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा. अठरा रविवार, अठरा अध्याय. ना मंडप, ना पेटी, ना तबला. श्रोते कोण? कैदी. दक्षिणा? तुरुंगातली भाकरी.

आणि एक माणूस समोर बसून भराभर लिहून घेत होता. अमळनेरच्या शाळेतला मास्तर, नोकरी सोडून चळवळीत आलेला. पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी. आज मी बोलतो आहे आणि इथे हा मुलगा मोबाइल धरून बसलाय, उद्या त्याचं पुस्तक होईल. तेव्हा कुठलं यंत्र! गुरुजींचा हात हेच यंत्र. त्या हाताने पकडलं म्हणून गीता प्रवचने आपल्या घरात आली. विनोबांनी बोलायचं आणि ते वाऱ्यावर जायचं, एवढंच राहिलं असतं. बोलणाऱ्याचं नाव होतं मंडळी, पण लिहून घेणाऱ्याचे पाय आधी धरावे.

याच गुरुजींनी पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत श्यामची आई लिहिली. म्हणजे तुरुंगात घातलेला माणूस आईची गोष्ट सांगतो. इंग्रजाने याचं काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे झालं पुण्याचं, धुळ्याचं. इंग्रजी मुलखातलं. आमच्या जांबेचं काय? आमचा घनसावंगीचा मुलूख तर निजामाचा होता.

बरोबर आहे. इथले आजचे ऐंशी-पंच्याऐंशीचे म्हातारे निजामाच्या अमलात जन्मले. पण निजाम उभा होता कुणाच्या बळावर? हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला. विश्वासू दोस्त म्हणून इंग्रजांनी निजामाला किताब दिलेला. म्हणजे आपल्या मानेवर दोन जू होती. एक दिसणारं आणि एक त्याच्यावरचं.

टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. तेव्हा व्यंकटेश खेडगीकर नावाच्या विद्यार्थ्याने प्रतिज्ञा केली, की आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करीन. हा मुलगा पुढे आपल्या मराठवाड्यात आला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, मग अंबाजोगाईला शिकवलं. संन्यास घेतला. नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ.

समर्थ बाराव्या वर्षी आसनगावच्या लग्नमंडपातून निघाले आणि गोदाकाठी टाकळीला तपाला बसले. भगवी छाटी घातलेला माणूस गुहेत जातो, हे आपल्याला ठाऊक. पण हा संन्यासी कुठे गेला? तुरुंगात. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह झाला, स्वामीजींना धरलं, अठरा महिने शिक्षा. त्याच साली उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने पोरांना पदरात घेतलं, नाहीतर शिक्षण गेलं होतं.

आणि पुढे काय झालं? १५ ऑगस्ट १९४७. दिल्लीत तिरंगा, मुंबईत तिरंगा, पुण्यात पेढे. इकडे आपल्याकडे त्याच दिवशी स्वामीजींना अटक! देश सुटला आणि मराठवाडा कोठडीत. तेरा महिने. रझाकारांचे दिवस. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंतराव भालेराव अशी माणसं झटत होती, आणि ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत अशी तर गावोगाव होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आलं, १७ तारखेला निजाम शरण आला. आपला मुक्तिदिन तो. पंधरा ऑगस्टला शाळेत लाडू मिळतो आणि सतरा सप्टेंबरला सुट्टी असते, म्हणून पोरं दोन्ही लक्षात ठेवतात. ठेवोत बापडी, कशाने का होईना.

माझे आजोबा त्या काळात ऐन पन्नाशीच्या आत. तेही हरिदास. अंगावर उपरणं, गळ्यात झांजा, बगलेत पोथी. त्या पोथीच्या रुमालात ते चळवळीची पत्रकं घालून या गावाहून त्या गावाला नेत. नाक्यावर शिपायाने विचारलं तर, भागवत आहे, म्हणायचे. कीर्तनात कंसवध लावायचे. कंस म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागत नसे. डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तनाची जी वाट घालून दिली, तिच्यावरून चालणारे असे कितीतरी हरिदास होते. एकदा पकडलं, दोन दिवस बसवून ठेवलं, मार दिला. आजोबांचा डावा कान त्यानंतर कमी ऐकू यायचा. असा माणूस. गीतारहस्य त्यांच्या उशाशी. मला कीर्तनाची पहिली चाल त्यांनीच घातली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यांच्याविषयीच आहे आणि ते मला जड जातं.

(येथे नामगजर.)

आता मला तुम्हाला थोडं मागे न्यायचं आहे. स्वातंत्र्याच्या साडेतीन महिने आधी. १ मे १९४७. ठिकाण पंढरपूर.

इंग्रज जाणार हे ठरलेलं. जो तो हिशेबाला बसलेला, कुणाला काय मिळणार. आणि साने गुरुजी उपाशी बसले आहेत! कशासाठी? विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लेकरांना उघडावं म्हणून. आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव बोलले. किती मंदिरं उघडली, किती विहिरी उघडल्या. पण पंढरीचं दार उघडेना. पंढरीत उपोषणाला बसायला जागा मिळेना, ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. हे नाव विसरू नका. गांधीजींपर्यंत हकीगत वेगळीच पोचली, त्यांनी उपोषण सोडा म्हणून तार केली. ज्यांच्या शब्दावर तुरुंगात गेले त्यांची तार! गुरुजींनी हात जोडले आणि उपोषण चालू ठेवलं.

त्यांचं गणित काय होतं? धुळ्याच्या तुरुंगात बसून या माणसाने अठरा अध्याय स्वतःच्या हाताने लिहिले होते. बंध म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय, त्यांना ऐकीव नव्हतं. इंग्रजाने घातलेलं कुलूप इंग्रज काढून नेईल. पण जे कुलूप आपण घातलं आणि किल्ली आपल्याच कनवटीला आहे, ते काढायला कोण येणार? म्हणून ते इंग्रजाच्या दारात बसले नाहीत, आपल्या दारात बसले.

१० मे ला मंदिर सर्वांना खुलं करायचं मान्य झालं, उपोषण सुटलं. दहा दिवस.

इथे तुम्हाला एक विचारतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावात काय झालं? समर्थांच्या घराण्यातल्या पिढ्यानपिढ्या पूजलेल्या राममूर्ती चोरीला गेल्या. सकाळी दार उघडलं तर सिंहासन रिकामं. पुढे पोलिसांनी शोध लावला, देव परत आले. पण मधले ते दिवस आठवा. मी त्या दिवसांत इथे येऊन गेलो. गावात शिरताना कळत होतं की काही तरी हरवलंय. बायाबापड्या गाभाऱ्यासमोर बसून रडत होत्या. समोर देव नाही, हे दोनेक महिने आपल्याला सोसवेना.

आणि ज्यांच्यासमोर देव शेकडो वर्षं नव्हता? मूर्ती जागेवर आहे, कळस दिसतो आहे, आरतीची घंटा ऐकू येते आहे, पण पायरी चढायची नाही. चोखोबारायांची समाधी कुठे आहे? महाद्वारात, नामदेव पायरीसमोर. बाहेर. एवढा भक्त, तो बाहेर.

आता माझ्या आजोबांचं सांगतो.

पंढरीचं दार उघडलं, त्या दिवसापासून आजोबा देवळात गेले नाहीत. निजामाच्या शिपायाला न भ्यालेला माणूस! पण त्यांचं म्हणणं, परंपरा मोडली. वाद घालत नसत, भांडत नसत. दरसाल आषाढीला पंढरीला जायचे, चंद्रभागेत स्नान करायचे, महाद्वारापाशी उभे राहून कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचे. गाभाऱ्यात पाऊल नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला बरोबर नेलं. सालाचा अंदाज केला तर १९६९ च्या आसपास. मला विठोबा पाहायचा होता. मी हट्ट धरला, रडलो. आजोबा म्हणाले, कळस पाहिलास, पोचलं देवाला. पोराला कळस काय कळतो? आमच्या गावची काही माणसं तिथे भेटली. त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक आजी होती. सगळे तिला आजीच म्हणायचे. डोक्यावर तुळशीची कुंडी, पायाला भेगा. ती दुरूनच आजोबांना म्हणाली, "बुवा, लेकरू रडतंय. म्या नेऊ का आत? सांभाळून आणते." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझा हात सोडला. नेऊ नको म्हणाले नाहीत, ने असंही म्हणाले नाहीत.

तिने मला नेलं. रांगेत किती तास गेले आठवत नाही. तिच्या ओटीतली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, एवढं आठवतं. गाभाऱ्यात गर्दीत माझं डोकं कुणाच्या तरी कोपराखाली सापडलं, तेव्हा तिने मला वर उचललं आणि माझं कपाळ पायांवर टेकवलं. त्या वयात मला ठाऊक नव्हतं, की तिच्या आईला हे पाय कधी दिसले नव्हते.

बाहेर आलो. आजोबा ऊन लागू नये म्हणून उपरणं डोक्यावर घेऊन उभे होते. कुठे? चोखोबांच्या समाधीपाशी. माणसांच्या लोंढ्याने ढकलत ढकलत तिथेच आणून उभं केलं होतं त्यांना. ती आजी पुढे झाली. देवाच्या पायांवरची तुळस तिने ओंजळीत जपून आणली होती. म्हणाली, "बुवा, तुळस हाय पांडुरंगाची. घ्या."

आजोबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "तू दे."

तिने ती पानं माझ्या हातात ठेवली, मी आजोबांना दिली. त्यांनी मस्तकाला लावली, डोळे मिटले. मला आजोबांचं तोंड आठवत नाही, तिचं आठवतं. ती रागावली नाही. पदर डोक्यावर घेतला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि, "जाते बुवा," म्हणून गर्दीत गेली.

मी चाळीस वर्षं कीर्तन करतो. प्रस्थानत्रयी शिकलो, बंध-मोक्षावर तासन् तास बोलतो, आत्ताच बोललो. पण त्या दोन शब्दांचा अर्थ कुणी विचारला की माझ्यापुढे गीताभाष्य उभं राहत नाही, ती ओंजळ उभी राहते. आजोबांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या कानाची मला आठवण आहे. परक्याची बेडी तोडायला निघालेला माणूस होता तो, आणि एका पानाएवढं अंतर त्यांना ओलांडता आलं नाही. दुसऱ्यासाठी दार उघडलं, तर त्यांनी स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. बावीस वर्षं.

त्यांचा शेवटचा आजार पावसाळ्यातला. मी तेव्हा वेदपाठशाळेतून घरी आलो होतो. एका रात्री मला जवळ बोलावलं. उजव्या कानाने ऐकत, म्हणून तिकडे बसलो. म्हणाले, "त्या बाईच्या हातून तुळस घ्यायची राहिली रे. तिला बोलाव."

मी म्हणालो, "आजोबा, ती आजी मागच्या सालीच गेली."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने भिंतीकडे कूस वळवली.

(येथे नामगजर. बराच वेळ चालला.)

उद्या बरोबर बारा वाजता जन्म आहे. साडेअकराच्या आत मंडपात या, गुलाल आणि फुलं ज्याची त्याने आणावीत. सुंठवडा कुटायला बाया कमी पडताहेत असं पुजारी सांगताहेत, ज्या मोकळ्या असतील त्यांनी सकाळी यावं, कुणीही यावं. आता उभे राहा. आरती घेऊ.

जय जय रघुवीर समर्थ!